अक्काच्या डोळ्यांचं पान

माझा धंदा पुस्तकांची पानं लावायचा. गणिताची, भौतिकशास्त्राची, स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं. जळगावात बसून मी कुठल्या कुठल्या शहरांतल्या प्रकाशकांची कामं करतो आणि त्यांतल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. मेल येते, मजकूर येतो, पानं लागतात, पानं जातात. फोन करायची पद्धतच राहिलेली नाही. बायको गेल्यापासून दोन खोल्यांत मी एकटा. मूलबाळ नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, तोही बेल वाजवत नाही.

ज्यात मी काम करतो ते सॉफ्टवेअर माऊसने अक्षरं ओढून बसवायचं नव्हे. त्यात मजकूर साधाच लिहायचा आणि त्याच्या आधी आणि नंतर हुकूम लिहायचे. इथून उदाहरण सुरू, इथे उदाहरण संपलं. मधल्या मजकुराला चौकट हवी का, समास किती, अक्षर केवढं, वर-खाली किती मोकळं सोडायचं, हे फाईलच्या माथ्यावर एकदाच ठरवून ठेवायचं. या सुरू आणि संपलंच्या मधल्या भागाला एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. शेजारच्यांनी एकदा विचारलं, तुम्ही दिवसभर करता काय, तेव्हा मी मराठीचा अभिमान दाखवायला गेलो आणि म्हणालो, पर्यावरण तयार करतो. त्यांनी सोसायटीच्या वृक्षारोपण समितीत माझं नाव घालून टाकलं. एका रविवारी मला खरोखर कडुलिंबाचं रोप हातात धरून फोटोला उभं राहावं लागलं.

या सॉफ्टवेअरचा एक गुण असा की ते तक्रार करतं. पान तयार करताना अमुक ओळ रुंदीत मावत नाही, तमुक चौकट पानाबाहेर जाते, असं ते खडसावून सांगतं. मीही त्याला उत्तर देतो, मोठ्यानं. दिवसभरात घरात जो काही आवाज होतो तो एवढाच. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या माथ्यावर गेली तर तिला आमच्याकडे इंग्रजीत विधवाच म्हणतात, आणि तसं होऊ नये म्हणून दंडाचा आकडा घालून ठेवता येतो. दंड मोठा ठेवला की सॉफ्टवेअर काहीही करून तिला सोबत आणून देतं. नवीन काम घेतलं की हा आकडा मी सगळ्यात आधी वाढवतो, आणि तो वाढवताना दर वेळी मला स्वतःची थोडी कीव येते. लपवण्यासारखं त्यात काही नाही. एकटेपणाचा मला त्रास व्हायचा आणि त्याची चटकही लागली होती. कुणी बोलावलं की अंगावर काटा यायचा, आणि कुणी बोलावलं नाही की राग यायचा.

धुळ्याला माझी मोठी बहीण असते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. सगळे म्हणजे आता मी एकटाच. माझ्यापेक्षा ती बरीच मोठी, आई लवकर गेली म्हणून मला न्हाऊमाखू घालून शाळेत तिनंच नेऊन बसवलं. पुढे ती स्वतः शिक्षिका झाली. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून तिनं सगळी नोकरी काढली. यजमान गेले, मुलगा सुरतेला संसारात रमला, आणि अक्का धुळ्यात देवपूरच्या घरात एकटी राहू लागली. शाळेत ती शुद्ध मराठी बोलायची, घरात मात्र कायम अहिराणी. माझी अहिराणी नोकरीधंद्यात गंजली. त्यामुळे ती अहिराणीत विचारते आणि मी मराठीत उत्तर देतो, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

अक्काची गणितं तिच्या शाळांमध्ये नावाजलेली. पुस्तकातल्या गणितात नळ उघडे राहून हौद भरायचे आणि आगगाड्या एकमेकींच्या दिशेनं सुटायच्या. अक्का म्हणायची, "ज्या गावमा नळज नही, तठे हौद कोन भरी?" मग तिनं आपली तोंडी गणितं रचली. त्यांत कापूस वेचणाऱ्या बाया होत्या, फैजपूरच्या बागेतून केळीचे घड भरून निघालेला ट्रक होता, रस्त्यात चहाला थांबून झोपून गेलेला ड्रायव्हर होता. एक गणित मला अजून आवडतं. एका बाईनं सकाळी जेवढा कापूस वेचला त्याच्या निम्मा दुपारी वेचला, कारण ऊन फार होतं. संध्याकाळी गाठोडं बारा किलो भरलं. तोलणारा माणूस सरळ आहे असं धरून सकाळचा कापूस किती ते सांगा. मुलं आठ किलो असं उत्तर द्यायच्या आधी तोलणारा सरळ कसा असेल यावर भांडायची. ते भांडण म्हणजेच तास, असं अक्काचं मत होतं.

एका उन्हाळ्यात तिचा फोन आला. जळगावचा उन्हाळा, दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही नसतं. "मना गनितं छापी दे रे भाऊ," ती म्हणाली. मी हो म्हणालो. पाहुण्याला 'जेवून जा' म्हणतात तसंच ते हो होतं. पण आठवड्यानं तिनं हातानं लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिला, आणि सोबत निरोप की डोळ्यांचा भरवसा नाही, लवकर कर.

डोळ्यांचं मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. साखरेनं तिच्या डोळ्यांचे पडदे खराब केले होते. मी धुळ्याला जाऊन डॉक्टरांना भेटलो. त्यांनी लेझर झालंय, इंजेक्शनं चालू आहेत असं सांगितलं आणि म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. अक्कानं आपलं पुस्तक आपल्या डोळ्यांनी वाचलं पाहिजे. पहिल्या गणितापासून शेवटच्यापर्यंत, कुणी वाचून न दाखवता. नंतर डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो.

सुरुवातीला मी प्रुफं बसवर पाठवायचो. कंडक्टरच्या हातात गुंडाळी द्यायची, अक्काच्या घरी काम करणारी बाई ती स्टँडवरून घ्यायची. अक्काच्या लाल पेनाच्या खुणा तिसऱ्या दिवशी परत यायच्या, आणि त्या खुणा म्हणजे शाळेचीच तपासणी. उत्तरं त्याच पानावर नकोत, पोरं डोकावतात. चौकटीला गोल कोपरे कशाला, ती काय लग्नपत्रिका आहे? आकडे अक्षरांपेक्षा ठळक कर. मी 'गणित' नावाचं एक एन्व्हायर्न्मेंट केलं, 'उत्तर' नावाचं दुसरं, आणि असं ठरवलं की उत्तर जिथे लिहिलंय तिथे न छापता आपोआप पुस्तकाच्या मागे जाऊन बसेल. अक्काला ते फार आवडलं. मग तिनं निरोप पाठवला की बसमध्ये पानं चुरगळतात, यापुढे पानं घेऊन तूच येत जा.

मला वैताग आला. रविवारी मी झोपतो. पण गेलो. एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचेपर्यंत माझं डोकं उठलं, आणि दारातच अक्का म्हणाली, "उशीर करा तू. भाकर गार व्हई गयी." ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. घरात किती दिवसांत कुणी माझी वाट पाहिली नव्हती, हे मला जेवताना जाणवलं आणि मी बाहीनं डोळे पुसले. ठेचा तिखट होता असं मी सांगितलं.

असे रविवार सुरू झाले. मी पानं न्यायचो असं म्हणण्यापेक्षा पानं मला नेत होती. सोमवारपासून मी अक्काच्या पानाचा विचार करायचो. तिला आता बारीक अक्षर लागत नव्हतं, म्हणून मी तिच्यासाठी वेगळी मांडणी केली. मजकूर एकच, मांडण्या दोन. फाईलच्या पहिल्या ओळीत 'छपाई' असा शब्द लिहिला की नेहमीच्या आकाराचं पुस्तक तयार व्हायचं, आणि त्याच जागी 'अक्का' लिहिलं की तेच पुस्तक तिच्या डोळ्यांचं व्हायचं. मोठा कागद, मोठं काळंभोर अक्षर, आखूड ओळी. देवनागरी मोठी केली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात, त्यामुळे ओळींमधली जागा नव्यानं हिशेबानं वाढवावी लागली. ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात तिला सापडत नव्हती. मी प्रत्येक गणिताच्या डावीकडे एक जाड काळी रेघ उभी केली, म्हणजे बोट तिच्यावर ठेवून खाली सरकता येईल. पृष्ठक्रमांक, वरची पट्टी, जे जे नजरेत लुडबुड करतं ते ते काढून टाकलं. इतकी वर्षं मी हजारो वाचकांसाठी पानं लावली आणि त्यांच्यापैकी कुणाचा डोळा कसा आहे हे मला माहीत नव्हतं. हे एक पान मी एका माणसासाठी लावत होतो. मला त्या कामात अपार सुख मिळालं, हे सांगायला हवं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. अक्काच्या सूचना बदलत गेल्या. "अक्षर आजून मोठं कर." पुढच्या रविवारी, "ओळ आजून आखूड कर." त्याच्या पुढच्या रविवारी, "कागद पिवया ऱ्हायना तं बरं." लाल पेन तिनं बाजूला ठेवलं; तू समोर बसलायस तर पेन कशाला, तोंडीच सांगते, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. तिची नजर कमी होते आहे एवढं मला दिसत होतं, आणि त्यावर माझ्याकडे इलाज होता असं मला वाटत होतं. माझ्या धंद्यातल्या माणसाचा हा स्वभावच होतो. अडचण आली की कुठे तरी एक आकडा असणार, तो बदलला की ती सुटणार. अक्षर वाढवत वाढवत मी अशा ठिकाणी आलो की एका पानावर जेमतेम एक गणित मावायचं. पुस्तकाची गुंडाळी इतकी जाड झाली की बसमध्ये लोक विचारायचे, नकाशे आहेत का? मी हो म्हणायचो.

घरी परत आलो की रविवारची संध्याकाळ वाईट जायची. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, आणि दिवसभर बोलून बोलून मोकळा झालेला आवाज पुन्हा गिळून टाकायचा. एखादी गंमत सांगायची राहून गेली असं आठवायचं. फोन करता आला असता. मी केला नाही. फोनवर काय बोलायचं हे मला कधीच कळलं नाही. हातात पानं असली की कळायचं.

संक्रांतीच्या पुढेमागे मी तिच्यासाठी एक नवी मांडणी करायला घेतली. पांढऱ्या कागदावर काळं अक्षर असण्यापेक्षा काळ्या पट्टीवर पांढरं अक्षर तिला सोपं जाईल असं कुठेसं वाचलं होतं. नवी मांडणी करताना आम्ही आधी खोटा मजकूर भरून बघतो, खरा मजकूर मागाहून भरायचा. माझा खोटा मजकूर ठरलेला आहे. 'हा नमुना मजकूर आहे. याला काही अर्थ नाही. फक्त जागा भरण्यासाठी तो येथे टाकला आहे.' हेच पुन्हा पुन्हा, पानंच्या पानं. पट्ट्या छान आल्या. शनिवारी मी खरा मजकूर भरून दुसरी फाईल केली, आणि रविवारी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मोठ्या कागदावर छापून, गुंडाळून, रबर लावून हातात दिलं. बस लागलेली होती. मी गुंडाळी उघडून पाहिली नाही.

अक्का ओसरीत खाटेवर बसली होती. उन्हाकडे पाठ, मांडीवर शाल. मी पानं तिच्या हातात दिली आणि नवी युक्ती कशी आहे ते समजावलं. तिनं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. डाव्या बाजूची रेघ बोटानं शोधली. ओठ हलवत ती सावकाश खाली गेली, मग पान बाजूला ठेवून दुसरं घेतलं.

"बेस शे," ती म्हणाली. "आते बठ्ठं दिसस."

सगळं दिसतंय म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. मी पाणी प्यायला आत गेलो. परत येताना तिच्या मागे थांबलो, सहज, आपलं काम कसं दिसतं ते बघायला.

"हाई जावास्नं गनित बेस बसनं," पानावर बोट ठेवून अक्का म्हणाली. "हाई असंज ऱ्हाऊ दे."

तिच्या बोटाखाली काळ्या पट्टीवर पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'याला काही अर्थ नाही.'

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आधी स्वतःचाच राग आला, चुकीची फाईल छापून आणली म्हणून. मग कळलं की फाईल बरोबर असती तरीही तिनं हेच म्हटलं असतं, आणि मागच्या रविवारीही म्हटलं होतं, आणि त्याच्या आधीच्याही. मी ज्यासाठी एवढा जिवाचा आटापिटा करत होतो ते कधीच हातातून गेलं होतं. अक्का आता आपलं पुस्तक वाचणार नव्हती.

तिला कसं सांगायचं हे मला सुचेना. न सांगणंच बरं वाटलं. मी तिच्याशेजारी खाटेवर बसलो, पानं माझ्याकडे घेतली आणि म्हणालो, "अक्का, आज मी मोठ्यानं वाचतो. कानाला कसं लागतं ते बघ." आणि त्या अर्थ नसलेल्या पानाकडे बघत मी तिची गणितं म्हणायला लागलो. एवढे महिने तीच तीच गणितं लावून मला ती पाठ झाली होती. कापसाचं म्हटलं. केळीच्या ट्रकचं म्हटलं. प्रत्येक गणित संपायच्या आत अक्का उत्तर सांगायची आणि पुढच्याची वाट बघायची. तिचा चेहरा उजळला होता. मी जावांचं गणित घेतलं.

"एका घरात तीन जावा. मिळून चोवीस भाकरी थापल्या. मोठीनं थापल्या त्याच्या दुप्पट मधलीनं, आणि धाकटीनं..."

"धाकटी माहेरले गयेल शे," अक्का म्हणाली.

"हो, हो. धाकटी माहेरी गेलेली. तर मोठीनं किती?"

"मोठीना आठ, मधलीना सोळा. मधली काही बोलत नही ना, म्हनीसन तिले दुप्पट." ती हसली. मीही हसलो आणि पुढचं गणित सुरू केलं. ते अर्ध्यावर आलं असताना तिनं हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला.

"पान पलट रे भाऊ," ती म्हणाली. "कवळनं एकज पान वाची ऱ्हायना तू, कागद वाजत नही."

मी पानं खाली ठेवली. तिचा हात तसाच होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. पहिले मधलं गयं. मंग बठ्ठंज धुयकं व्हई गयं."

दिवाळीपासून. म्हणजे आणखी मोठं केलेलं अक्षर, आणखी आखूड केलेल्या ओळी, पिवळा कागद, सगळं दिवाळीच्या नंतरचं. आजून मोठं कर, आजून आखूड कर. मला रडू आलं आणि रागही आला, आणि तो राग मी लपवला नाही.

"मग सांगितलं का नाहीस मला? महिनोन् महिने मी..."

"मंग तू कसाकरता येशी?" अक्का म्हणाली.

आलोच असतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मघापासून चाललेलं खोटं तिनं एका वाक्यात पकडलं होतं, दुसरं करायची हिंमत होईना. मी आलो नसतो. तिला दिसत नाही कळल्यावर पुस्तक छापून टाकलं असतं, गठ्ठा बसवर पाठवला असता, सणाला फोन केला असता. आणि माझ्या दोन खोल्यांत बसून स्वतःची कीव करत राहिलो असतो. हे तिला माझ्या आधी कळलं होतं. नजर जात असताना ती माझ्या एकटेपणाची काळजी करत बसली होती.

"नसतो आलो, अक्का," मी म्हणालो.

"माले माहीत शे," ती म्हणाली. मनगटावरचा हात तिनं काढला नाही. "चाल, पुढलं वाच."